आपोआप गोळा होणाऱ्या बातम्या: आधी तपासाव्यात की नंतर काढाव्यात?

काताळकर (राजापूर)

नमस्कार मंडळी.

किनाऱ्यावरील काही गावसमित्या, मच्छीमार संस्थांतील कार्यकर्ते आणि दोन-तीन अभ्यासक मिळून आम्ही एक सामाईक संकेतस्थळ चालवतो, हे इथल्या जुन्या सदस्यांना ठाऊक आहे. त्यावर आमचे स्वतःचे लेखन फारच थोडे असते. बाकीचा मजकूर गावोगावच्या ब्लॉगांवरून, स्थानिक वृत्तपत्रांवरून आणि काही यूट्यूब वाहिन्यांवरून फीडद्वारे (संकेतस्थळावरील नव्या नोंदींची यंत्राला वाचता येणारी यादी) आपोआप येतो आणि वेळेच्या क्रमाने पहिल्या पानावर लागतो. आज असे ४१ फीड जोडलेले आहेत आणि दिवसाला सव्वाशेच्या आसपास नोंदी येतात. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि जमावबंदी लागली, तेव्हा कोणत्या गावात काय चालले आहे हे मुंबईतल्या माणसालाही एका पानावर दिसत होते, ते याच व्यवस्थेमुळे. त्यामुळे ती मोडावी असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नाही.

मात्र गेल्या तीन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. एका गावसमितीने आपल्या डोमेनचे (संकेतस्थळाच्या नावाचे) वार्षिक पैसे भरले नाहीत. ते नाव दुसऱ्याच कोणी विकत घेतले, फीडचा पत्ता तोच ठेवला, आणि एका रात्रीत आमच्या ‘खाडी प्रदूषण’ या सदराखाली ऑनलाइन रमीच्या ११ जाहिराती लागल्या. दुसरी गोष्ट हसण्यासारखी आहे. ‘खाण’ हा शब्द असलेली प्रत्येक नोंद खाणविरोधी सदरात जावी अशी सोय आम्ही केली होती; तिने इमानेइतबारे तालुक्यातील सगळ्या खाणावळी तेथे आणून बसवल्या.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. एका कार्यकर्त्याने आपला जुना ब्लॉग नव्या ठिकाणी हलवला आणि त्या खटाटोपात सगळ्या जुन्या नोंदींना त्याच दिवसाची तारीख लागली. त्यांत ‘उद्याची जनसुनावणी पुढे ढकलली’ अशी दोन वर्षांपूर्वीची एक नोंद होती. योगायोग असा की, दुसऱ्याच दिवशी आमच्या भागात अगदी वेगळ्या प्रकल्पाची जनसुनावणी होती. आमच्या पानावरून ती ओळ व्हॉट्सॲपवर गेली आणि दोन वाड्यांतील माणसे सुनावणीला गेलीच नाहीत.

त्या कार्यकर्त्याने खोटे काही लिहिले नव्हते. जुने खरे होते, ते आम्ही नवे करून दाखवले. आता आमच्यात दोन मते आहेत. काहींचे म्हणणे असे की, प्रत्येक नोंद कोणीतरी वाचल्याशिवाय पानावर येऊच नये. इतरांचे म्हणणे असे की, पाच माणसांना, त्यांतही दोघे समुद्रावर जाणारे असताना, हे झेपणार नाही आणि चळवळीचे पान सरकारी फायलीसारखे मागे पडेल. आपला अनुभव काय सांगतो?

चाकरमानी (डोंबिवली)

प्रथम एक कबुली देतो. आपल्या खाणविरोधी सदरात दिसलेल्या एका खाणावळीत मी गणपतीला गावी आलो असताना दोन वेळा जेवून आलो. सोलकढी उत्तम होती. त्यामुळे ती चूक सुधारताना कृपया घाई करू नये.

आता गंभीरपणे लिहितो. माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्या माणसाला गावातली बातमी त्याच दिवशी मिळते, हाच आपल्या पानाचा उपयोग आहे. आधी तपासणी सुरू केलीत तर नोंद कोणीतरी जेवून, झोपून, उठून मान्य करेल तेव्हा दिसेल. मग मी वृत्तपत्रच का वाचू नये?

बिनतारी (चिपळूण)

काताळकर, तुमच्या तीनपैकी अडीच अडचणी माणसाच्या तपासणीविना सुटू शकतात, असे मला वाटते.

फीडमधील प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळखखूण असते. ब्लॉग नव्या ठिकाणी हलवला की बहुधा त्या खुणा बदलतात, आणि तुमच्या यंत्राला सगळे जुने लेखन नवे वाटते. यावर साधा नियम करता येतो. जो फीड आठवड्याला दोन नोंदी देतो, तो एका तासात वीस देऊ लागला तर त्या फीडला तेथेच थांबवावे आणि चालकाला निरोप जावा. रमीच्या ११ जाहिरातीही याच नियमात अडकल्या असत्या. शिवाय प्रत्येक फीडच्या डोमेनची मुदत कधी संपते हे पाहणे अवघड नाही. ती माहिती सार्वजनिक असते. महिनाभर आधी त्या समितीला फोन गेला असता, तर त्यांचे नावही वाचले असते.

शब्दांवरून वर्गवारी करण्याचे काम मराठीत फसवे आहे. ‘खाण’ हा पूर्ण शब्द शोधा म्हटले, तर ‘खाणीमुळे’, ‘खाणींच्या’, ‘खाणकाम’ हे सगळे निसटते, कारण आपला शब्द प्रत्ययाशिवाय क्वचितच फिरतो. अर्धा शब्द शोधा म्हटले, तर खाणावळ येते आणि खाणाखुणाही येतात. लागणाऱ्या रूपांची यादी हातानेच करावी लागते. दुसरी गंमत ‘किनाऱ्यावर’ या शब्दाची आहे. कोणी त्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर लिहितो, कोणी र ला खाली नुक्ता देतो, तर कोणी मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, यंत्राला तीन निराळे शब्द. पहिले दोन एकरूप करण्याची सोय युनिकोडमध्येच आहे, तिसऱ्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. किनारपट्टीच्या संकेतस्थळाला ‘किनारा’च सापडू नये, हे काही बरे नव्हे.

उत्तरकिनारा (डहाणू)

बिनतारी यांनी ‘बंदर’ या शब्दाचा उल्लेख केला नाही, तो मी करतो. वाढवण बंदराच्या बातम्या एकत्र याव्यात म्हणून आम्ही आमच्या पानावर तो शब्द घातला, आणि फीडमध्ये एक हिंदी वाहिनीही होती. पुढील आठ दिवस आमच्याकडे माकडांनी मंदिरातून चष्मे पळवल्याच्या बातम्या येत होत्या. एका ज्येष्ठ सदस्याने तर त्याखाली ‘बागायतदारांचा हा प्रश्नही महत्त्वाचाच आहे’ असा गंभीर अभिप्राय दिला.

देवराई (संगमेश्वर)

आमचा अनुभव ‘सडा’ या शब्दाचा. कातळशिल्पांसाठी तो घातला आणि मार्गशीर्षात सगळे सदर रांगोळ्यांनी भरून गेले. पाहायला छान वाटत होते.

सागरवेळ (अलिबाग)

मी वकिली करते, म्हणून कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी मांडते. हा कोणाला दिलेला सल्ला समजू नये.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मध्ये, इतरांचा मजकूर केवळ पुढे पोहोचवणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण आहे. मात्र मध्यस्थाने त्या मजकुराची निवड किंवा त्यात बदल केलेला नसावा, अशी अटही तेथेच आहे. त्यामुळे ‘आम्ही प्रत्येक नोंद वाचून निवडतो’ असे जाहीर करणे म्हणजे वृत्तपत्राच्या संपादकासारखी जबाबदारी अंगावर घेण्याकडे एक पाऊल टाकणे होय. स्वतःहून काही काढून टाकल्यास तेवढ्यामुळे संरक्षण जात नाही, असे याच कायद्याखालील २०२१ च्या नियमांत म्हटले आहे. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव आणि संपर्क पानावर ठळक द्यावा लागतो. आपल्या पानावर तो मला दिसला नाही. तेवढे आजच करा.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. जनसुनावणीची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात दिलेली आहे. त्यानुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते. सुनावणी पुढे ढकलायची असेल, तर तीही सूचना त्याच दैनिकांत द्यावी लागते आणि ठरलेल्या कार्यालयांत लावावी लागते. म्हणजे ‘सुनावणी ढकलली’ अशी कोणतीही नोंद फीडमधून आली, तर ती तपासण्याची पद्धत कायद्यानेच तुमच्या हाती दिलेली आहे: त्या दैनिकाचे नाव आणि तारीख त्या नोंदीत आहे का, एवढेच पाहायचे. नसेल तर नोंद थांबवायची.

हेही ध्यानात घ्यावे की, सुनावणी सुरू होण्यासाठी गणसंख्येची अट नाही. दोन वाड्या आल्या नाहीत म्हणून सुनावणी अडत नाही. ती पार पडते आणि उपस्थितांची संख्या मात्र इतिवृत्तात कायमची राहते. म्हणून या एका प्रकारच्या चुकीची किंमत रमीच्या जाहिरातींपेक्षा फार मोठी आहे, आणि दोन्हींना एकच नियम लावणे मला योग्य वाटत नाही.

कोकम (दापोली)

वकीलताईंच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. +१

जुना चालक (पुणे, मूळ देवगड)

हा प्रश्न आपल्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिएटल येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा इंडिमीडिया हे संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढे जगभरातील शंभराहून अधिक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. कोणीही यावे आणि लिहावे, हे त्यांचे तत्त्व. लवकरच तेथे द्वेषाचा मजकूर, जाहिराती आणि एकच लेख दहा वेळा टाकणारे महाभाग यांची गर्दी झाली. त्यांनी काढलेला मार्ग असा होता की, एका बाजूच्या रकान्यात येईल ते सगळे वाहू द्यायचे आणि मधल्या रकान्यात संपादक गटाने पारखून घेतलेलेच ठेवायचे. अनेक शाखांत, काढलेल्या नोंदी नष्ट न करता एका वेगळ्या पानावर ठेवल्या जात. ज्याला शंका असेल त्याने तेथे जाऊन काय काढले ते पाहावे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींनी ‘प्लॅनेट’ या नावाची पाने चालवली, त्यांची रीत वेगळी होती. तेथे नोंद तपासत नसत. कोणाचा ब्लॉग यादीत घ्यायचा एवढेच पाहत. एकदा माणूस घेतला की तो आपल्या घरच्या मांजराबद्दलही लिहू शके. मी स्वतः दहा वर्षे या दुसऱ्या पद्धतीने एक पान चालवले आणि माझा कल तिकडेच आहे. मजकूर तपासू नये, माणूस तपासावा. ४१ फीड म्हणजे ४१ माणसे किंवा संस्था. त्यांतल्या प्रत्येकाला तुम्ही शेवटचा फोन कधी केला होता, याची यादी करून पाहा. डोमेन गेल्याचे तुम्हाला रमीवाल्याकडून कळले, याचा अर्थ त्या समितीशी तुमचे बोलणे बरेच दिवस झाले नव्हते.

रापणकर (मालवण)

जुना चालक यांचे म्हणणे मला पटले, पण पुरते नाही. माणूस चांगला असला तरी चूक होते, आणि आमच्याकडे झाली ती चांगल्या माणसाकडूनच झाली.

पर्ससीन जाळ्यांवर (माशांचा थवा वेढून पकडणारी मोठी जाळी) राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. त्यानंतर समुद्रात कोणती नौका कुठे दिसली, कोण रात्री एलईडी दिवे लावून मासेमारी करतो, याच्या नोंदी आम्ही पारंपरिक मच्छीमार फोटोसह टाकू लागलो. आमच्या एका तरुणाने अंधारात काढलेल्या फोटोवरून नौकेचा क्रमांक लिहिला. त्यातला एक आकडा चुकला. त्याने ती नोंद टाकली, दुसऱ्या दिवशी चूक कळल्यावर सुधारलीही. परंतु त्याच्या फीडवरून उचलणाऱ्या चार पानांवर जुनाच क्रमांक राहिला, कारण त्यांनी एकदा उचलले ते पुन्हा पाहिलेच नाही. ज्याचा क्रमांक होता, तो गिलनेट लावणारा, आमच्यासारखाच छोटा माणूस. त्याच्या बायकोला मासळी बाजारात बोलणी खावी लागली. शेवटी आम्ही सहा जण त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो. त्याने चहा दिला, पण आजही तो माझ्याशी मोजकेच बोलतो.

म्हणून माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. ज्या नोंदीत एखाद्या माणसाचे नाव, नौकेचा क्रमांक किंवा सर्व्हे नंबर घेऊन आरोप केलेला आहे, ती आपोआप लागू नये. आणि मूळ ठिकाणी सुधारणा झाली किंवा नोंद काढली गेली, तर ती आपल्याकडेही सुधारली किंवा काढली गेलीच पाहिजे. रापण ओढायला सगळा गाव लागतो आणि ओढून आणलेले जाळे वाळूवर, सगळ्यांसमोर निवडतात. कोणी ते घरी नेऊन निवडत नाही. तुमची निवडही तशी उघड्यावर असावी.

पोफळी (गुहागर)

रापणकर काकांच्या शेवटच्या वाक्यावरच मला थांबावेसे वाटते, कारण आमच्याकडे निवड उघड्यावर होत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या समितीच्या पानावर आधी तपासणीची पद्धत सुरू झाली. तपासणारे तिघे, तिघेही पुरुष, तिघेही शिकलेले. मासे विकणाऱ्या बायका आपल्या अडचणी फोनवर बोलून सांगत आणि एक मुलगी ते त्यांच्याच बोलीत उतरवून टाकत असे. चार महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की, त्यांच्या नोंदी दिवसेंदिवस ‘प्रतीक्षेत’ पडून असतात, तर प्राध्यापक मंडळींचे लेख अर्ध्या तासात लागतात. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, ‘भाषा शुद्ध करून लावू असा विचार होता.’ कोणी मुद्दाम अन्याय केला असे मी म्हणत नाही. परंतु सव्वाशे नोंदी समोर असल्या की माणूस सोप्या नोंदी आधी मान्य करतो, आणि आपल्यासारखे लिहिणाऱ्याचे लेखन सर्वांना सोपे वाटते.

त्यामुळे आधी तपासायचे असेल, तर दोन गोष्टी ठरवून घ्या. किती तासांत निर्णय होईल, आणि तेवढ्यात न झाल्यास नोंद आपोआप लागेल की आपोआप पडेल? आमच्याकडे ती पडत असे, आणि कोणाला पत्ताही लागत नसे.

चाकरमानी (डोंबिवली)

पोफळीताई, तुमचे वाचून माझे आधीचे मत अधिक पक्के झाले, पण रापणकर काकांचे वाचून ते डळमळले. आता मी मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसून दोन्ही प्रतिसाद पुन्हा वाचणार आहे. वेळ भरपूर मिळेल.

उत्तरकिनारा (डहाणू)

एक अवघड प्रश्न अजून कोणी काढलेला नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्याच तालुक्यातील काही तरुण या बंदराच्या बाजूने लिहीत आहेत. ती भाड्याची माणसे नाहीत. त्यांना नोकऱ्या हव्या आहेत आणि ते आपल्या नावानिशी लिहितात. त्यांतील एकाने आपला फीड आमच्या पानावर जोडावा अशी मागणी केली. जोडला तर मच्छीमार विचारतात की, हे पान कोणाचे? नाकारला तर आपण स्वतःला ‘किनाऱ्याचा आवाज’ कसे म्हणवायचे?

आपण काय दाखवतो याकडे सत्तेचेही लक्ष असते, हे आम्ही पालघरचे लोक विसरू शकत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये येथील दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने फक्त पसंतीची खूण केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६-अ खाली त्यांना पकडले, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही, स्वतः न लिहिता केवळ पुढे केलेल्या गोष्टीसाठी माणूस कसा गोत्यात येतो, याचे दुसरे उदाहरण शोधायला नको.

चाकरमानी (डोंबिवली)

त्या बाजूला वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देता येतात, आपल्याला हे एकच पान आहे. ते त्यांना का द्यावे? हे चळवळीचे पान आहे, चर्चासत्र नव्हे.

जुना चालक (पुणे, मूळ देवगड)

चाकरमानी, मग पानाच्या माथ्यावर तसे स्पष्ट लिहावे: ‘हे अमुक मागणीच्या बाजूचे पान आहे.’ भूमिका असण्यात काही वावगे नाही. भूमिका आहे हे न सांगता फीड नाकारले, की नियंत्रकाच्या प्रत्येक निर्णयावर संशय येतो आणि खऱ्या स्पॅमसाठी काढलेली नोंदही दडपशाही वाटू लागते.

सागरवेळ (अलिबाग)

उत्तरकिनारा, त्या तरुणाला ‘नाही’ म्हणायचे असेल, तर लेखी कारण द्या आणि तेच कारण इतरांनाही लावा. ‘जे प्रकल्पाच्या विरोधात आहेत त्यांचेच’ हेही एक कारण आहे. फक्त ते आधी ठरलेले असावे, मागणी आल्यावर सुचलेले नसावे.

जाता जाता, पान बंद होण्याचीही तयारी असू द्या. जुलै २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया’सह काही गटांची संकेतस्थळे बंद पाडली गेली होती. दिल्ली पोलिसांनी त्यांपैकी या एका गटाच्या संकेतस्थळाबाबत, त्याला डोमेन पुरवणाऱ्या कंपनीला थेट दहशतवादविरोधी कायद्याखाली नोटीस पाठवली आणि नंतर ती मागे घेतली. अशा वेळी कोणता मजकूर तुमचा, कोणता दुसऱ्याचा, तो कधी आला आणि कधी काढला, याची नोंदवही तुमच्या हाताशी असली पाहिजे.

देवराई (संगमेश्वर)

सगळे नियम शांत दिवसांचे चालले आहेत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा मी आमच्या गटाचे पान सांभाळत होते. वीज नाही, मोबाईल नाही. ज्यांच्यावर प्रत्यक्ष संकट होते त्यांच्याकडून अक्षरही येत नव्हते, आणि पुण्या-मुंबईहून मात्र फीड दुथडी भरून वाहत होते. त्यात जुन्या पुरांचे फोटो होते, भलत्याच धरणाच्या दरवाजांचे व्हिडिओ होते. धरणाचे पाणी सोडल्याच्या वावड्यांनी वरच्या भागातील माणसेसुद्धा रात्री घराबाहेर पडली. त्या रात्री मी सगळे फीड सरळ बंद केले आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे नाव असलेलेच हाताने लावत राहिले. दिवसभरात १४ नोंदी लागल्या. कमी होत्या, पण त्यांतली एकही मागे घ्यावी लागली नाही. बटण कोणाच्या हातात आहे आणि ते दाबण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागणार नाही, हे पावसाळ्याआधी ठरवा.

बिनतारी (चिपळूण)

देवराईताई, त्या रात्री मी छपरावर होतो, त्यामुळे तुमच्या १४ नोंदी मी पाचव्या दिवशी वाचल्या. त्यांतल्या एकीत आमच्या गल्लीचा उल्लेख होता.

रापणकर काकांच्या सुधारणेच्या मुद्द्यावर सांगतो. फीड गोळा करणाऱ्या बहुतेक सोयी एकदा उचललेली नोंद पुन्हा पाहत नाहीत, किंवा फीडमधून ती वाहून गेली की विसरतात. त्यावर सोपा उपाय असा की, पूर्ण मजकूर आपल्याकडे साठवूच नये. शीर्षक, पहिल्या दोन ओळी आणि मूळ दुवा एवढेच दाखवावे. मूळ काढले गेले की दुवा उघडत नाही, आणि लेखकाच्या हक्काचाही प्रश्न उरत नाही.

पोफळी (गुहागर)

हे रेंज असलेल्यांसाठी ठीक आहे. आमच्या खालच्या वाडीत दुवा उघडून दुसरे पान येईपर्यंत भात शिजतो, आणि ते पान आले की त्यावर चार जाहिराती नाचत असतात. गावसमित्यांचा मजकूर त्यांच्या परवानगीने पूर्ण ठेवा आणि रोज एकदा मूळ पानाशी ताडून पाहा. वृत्तपत्रांचा मात्र दोन ओळींपुरताच ठेवा.

काताळकर (राजापूर)

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण मध्ये आमची बैठक झाली आणि त्याआधी आम्ही तिघे त्या दोन वाड्यांत जाऊन आलो.

तेथे एका आजोबांनी विचारले की, ‘सुनावणी ढकलली’ हे तुमच्या पानावर कोणी लिहिले होते? मी म्हणालो, कोणीच नाही, ते आपोआप आले. त्यावर ते म्हणाले, मग आम्ही रागवायचे कोणावर? मला काहीच बोलता आले नाही. बैठकीत सगळी चर्चा त्या प्रश्नाभोवतीच फिरली.

ठरले ते असे. सगळ्या नोंदी आधी तपासायच्या नाहीत. ज्या नोंदीत सुनावणी, मोर्चा, ग्रामसभा, ‘रद्द’, ‘ढकलली’ असे शब्द आहेत, किंवा ज्यात व्यक्तीचे नाव वा नौकेचा क्रमांक घेऊन आरोप आहे, त्या थांबतील आणि एका माणसाने फोन करून खात्री केल्यावर त्याच्या नावासह लागतील. ‘खात्री केली: अमुक’ असे खाली दिसेल. आठ तासांत कोणी पाहिले नाही, तर नोंद पडणार नाही, ती ‘खात्री झालेली नाही’ अशा ठळक पट्टीसह लागेल. सुनावणीची नोंद मात्र वृत्तपत्रातील सूचना मिळाल्याशिवाय लागणारच नाही. पोफळीताई, आठ तासांची अट तुमच्यामुळे आली. काढलेल्या नोंदींचे वेगळे पान सुरू केले आहे आणि त्यात रमीच्या ११ जाहिरातींपासून श्रीगणेशा झाला आहे. देवराईताईंचे बटण दोघांकडे राहील. ४१ पैकी २९ ठिकाणी फोन लागले. सात फीड चालवणारे कोण, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही, म्हणून ते तूर्त बंद केले.

विरोधी मताच्या फीडवर एकमत झाले नाही. आवाज चढले, एक जण उठूनही गेला. तो विषय पुढच्या बैठकीला ठेवला आहे.

सुनावणीच्या इतिवृत्तात त्या दोन वाड्या नाहीत, ते आता बदलता येणार नाही. त्यांची लेखी हरकत आम्ही ज्या कार्यालयात दिली, तेथून पोच मिळाली आहे. एकच अडचण उरली: फोन करून खात्री करणारी माणसे सध्या तीन आहेत आणि दक्षिणेकडे एकही नाही.

रापणकर (मालवण)

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे माझ्याकडे द्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा दिवसभर कधीही फोन करा. ऑगस्टपासून मात्र पहाटे चार ते सकाळी दहा मी समुद्रावर असतो. त्या वेळेसाठी माझ्या सुनेचा क्रमांक कळवतो. ती माझ्यापेक्षा जास्त चौकशी करते.